सोबत कोणाची, जबाबदारी कोणाची?

डिसेंबरची तिकिटं बघायला बसलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एका टॅबवर थेट मुंबईचं विमान, दुसऱ्यावर दीडशे डॉलर स्वस्त पण मध्ये अकरा तासांचा लेओव्हर, तिसऱ्यावर कधी नाव न ऐकलेल्या वेबसाइटचा भाव, जो पैसे भरायच्या पानावर पोचेपर्यंत वाढलेला असतो. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर न्यू जर्सीची मावशी लिहिते, ‘अगं, आमचा नेहमीचा एजंट आहे, त्याला फोन कर.’ आणि ऑफिसातली मैत्रीण सांगते की तिनं इटलीच्या ट्रिपसाठी एक ‘ट्रॅव्हल ॲडव्हायझर’ गाठली होती. तिची फी वेगळी, पण डोक्याला ताप नाही.

मग प्रश्न पडतो: हे सगळं स्वतः करावं, की कुणावर सोपवावं? आणि सोपवलं तर आपण नेमके कशाचे पैसे देतो?

फायदे-तोट्यांच्या याद्या तुम्हाला पुष्कळ मिळतील. इथे आपण थोडं मागे जाऊ. पॉडकास्टमध्ये ज्या इतिहासाला धावता स्पर्श केला, तो जरा सावकाश बघू. कारण प्रवाशानं मध्यस्थाला पैसे का द्यावेत, हे दर पिढीला नव्यानं ठरवावं लागलंय, आणि त्या ठरवण्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. मध्यस्थ तीन गोष्टी विकत आलाय: माहिती, भाव आणि जबाबदारी. पहिल्या दोन हळूहळू त्याच्या हातातून निसटल्या. तिसरी आजही विकत घ्यावी लागते. म्हणून सल्लागार ठेवायचा की नाही हे ठरवताना दोन प्रश्न आधी विचारायचे: त्याला पैसे कोण देतं? आणि काही बिघडलं तर उत्तर कोण देणार?

‘सोबत आहे ना कुणाची?’

प्रवासाला निघताना आजी अजूनही हेच विचारते. तिकीट किती पडलं, विमान कुठलं, हे नंतर. आधी सोबत. या एका शब्दात आपल्याकडच्या प्रवासाचा मोठा इतिहास दडलाय.

बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ ला. त्याआधी, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, महाराष्ट्रातून काशीला जाणं म्हणजे महिनोनमहिने पायपीट. लोक जथ्यानं निघायचे. वाटेत चोराचिलटांची भीती, आजारपणाची भीती, पैसे संपण्याची भीती. एकट्यानं निघणं म्हणजे वेडेपणा समजला जायचा.

आणि तीर्थाला पोचलं की क्षेत्रोपाध्ये भेटत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया अशा ठिकाणी ही व्यवस्था होती, आणि काही प्रमाणात आजही आहे. तुम्ही गाव आणि आडनाव सांगायचं. मग त्या गावाचं, त्या कुळाचं काम ज्याच्याकडे आहे तो उपाध्याय पुढे यायचा, आपली वही काढायचा आणि तुमचे पणजोबा कधी येऊन गेले याची नोंद दाखवायचा. उतरायची जागा, जेवण, विधी, सगळं त्याच्याकडे. मोबदला म्हणजे दक्षिणा, आणि ती प्रवासी स्वतः द्यायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर नियोजन, निवास आणि मार्गदर्शन एकाच माणसाकडे, आणि फी थेट ग्राहकाकडून.

या पद्धतीची एक बाजू चांगली होती. तुमचा मुलगा, नातू याच घराण्याकडे येणार, हे उपाध्यायाला माहीत असायचं. पाहुण्याला फसवलं तर गावभर बोभाटा. पण दुसरी बाजूही होती: तुम्हाला निवड नव्हती. उपाध्याय तुम्ही निवडायचा नाही, तो तुमच्या वाट्याला यायचा. जिथं निवड नाही तिथं घासाघीस आणि कुरबुरी आल्याच. पंढरपूरच्या देवळात बडवे-उत्पातांचे जे वंशपरंपरागत हक्क होते, ते संपवायला राज्य सरकारला १९७३ मध्ये कायदा करावा लागला आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात मिटायला जानेवारी २०१४ उजाडलं. मध्यस्थाची सोय आणि मध्यस्थाची मक्तेदारी यांच्यातली रेघ किती बारीक असते, हे त्यातून कळतं.

आता एक खराखुरा प्रवासी घेऊ. १८५७ साली रायगड जिल्ह्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. डोक्यावर कर्ज होतं, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तिथं चांगली दक्षिणा मिळेल, अशी बातमी त्यांना लागली होती. वाटेत महूच्या आसपास भेटलेल्या शिपायांनी त्यांना सावध केलं की लवकरच मोठा उठाव होणार आहे. तरी दोघं पुढे गेले, आणि झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा आत अडकले. लूट सोसून, जीव वाचवून, गंगेचं पाणी घेऊन ते कसेबसे घरी आले. त्यांची ती हकीकत ‘माझा प्रवास’ या नावानं १९०७ मध्ये छापली गेली.

गोडसे भटजींकडे सोबत होती. माहिती तर ऐन वेळी, अगदी पक्की मिळाली होती. पण पुढे काही झालं तर जबाबदारी घेणारं कुणी नव्हतं.

आनंदीबाईंचं नियोजन कुणी केलं?

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना आनंदीबाई जोशी माहीत असतात, त्या पदवीमुळे: पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला डॉक्टर. पण त्यांची कहाणी एकदा प्रवासाच्या नियोजनाची कहाणी म्हणून वाचून बघा.

पती गोपाळराव पोस्टात नोकरीला. पत्नीला अमेरिकेत शिकवायचं म्हणून त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापून आला, आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी तो दाताच्या डॉक्टरकडे थांबलेल्या असताना वाचला. त्यांनी अनोळखी आनंदीबाईंना पत्र घातलं. पुढची जवळजवळ तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. कार्पेंटरबाई आनंदीबाईंच्या ‘मावशी’ झाल्या.

७ एप्रिल १८८३ ला अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, नवऱ्याशिवाय. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या. बोटीवर शाकाहारी जेवणाचे हाल झाले. त्या सोबतीला धर्मांतराच्या अपेक्षेची किनार होती, हेही त्यांच्या चरित्रांतून दिसतं. म्हणजे सोबत मिळाली, पण सोबत्याचा स्वतःचा एक हेतू होता. ४ जून १८८३ ला त्या न्यूयॉर्कला पोचल्या आणि तिथून कार्पेंटर कुटुंबाच्या घरी राहायला गेल्या.

इथे दोन मध्यस्थ आहेत, आणि त्यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे. बोटीवरच्या सोबतीची जबाबदारी बंदराला लागल्यावर संपली. कार्पेंटरबाईंची संपली नाही. आनंदीबाई आजारी पडून मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेला कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथं, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. तुम्ही हडसन नदीच्या काठानं उत्तरेकडे कधी गेलात तर बघून या.

आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत आल्या, दोनेक वर्षं देशभर हिंडल्या आणि परत गेल्यावर १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहिलं. अमेरिकेची माहिती आता मराठीत, छापील, कुणालाही विकत घेता येईल अशी झाली. माहिती मध्यस्थाच्या हातून निसटू लागली, ती अशी. इंटरनेट फार नंतरचं.

कुकसाहेबाचं दुकान

दरम्यान इंग्लंडमध्ये मध्यस्थीचा धंदा झाला होता. थॉमस कुक हा दारूबंदीचा प्रचारक. ५ जुलै १८४१ ला त्यानं सुमारे ५०० लोकांना लेस्टरहून लफबरोच्या दारूबंदी सभेला खास आगगाडीनं नेलं, माणशी एक शिलिंग. त्याची युक्ती साधी होती: रेल्वेकडून घाऊक जागा घ्यायच्या आणि किरकोळीनं विकायच्या. पुढे त्यानं हॉटेलची कूपनं काढली, म्हणजे प्रवाशानं परदेशात रोख पैसे घेऊन हिंडायला नको. १८७२ मध्ये तो स्वतः काही प्रवाशांना घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला आणि त्या फेरीत भारतातूनही गेला. १८८१ मध्ये कंपनीनं मुंबईत दुकान उघडलं.

आणि लवकरच एक चमत्कारिक काम त्यांच्याकडे आलं. मुंबई बंदरातून दरवर्षी हजारो हज यात्रेकरू जेद्दाला जात. दलाल त्यांच्याकडून मिळतील तेवढे पैसे उकळत, बोटी गच्च भरत, आणि वाटेत माणसं मरत. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारनं हज यात्रेच्या व्यवस्थेसाठी थॉमस कुक कंपनीला नेमलं. ठरलेला भाव, ठरलेलं तिकीट, आणि उत्तर द्यायला एक नाव. पण गरीब यात्रेकरूंच्या तिकिटांत फायदा नव्हता, आणि १८९० च्या दशकात कंपनीनं ते काम सोडलं. जबाबदारी घ्यायला खर्च येतो. तो कुणीच भरत नसेल तर जबाबदारी टिकत नाही.

समूहानं, ठरलेल्या भावात, सोबतीसह प्रवास हे कुकचं सूत्र मराठी घरांत फार चांगलं रुजलं. १९८४ मध्ये केसरी पाटील यांनी केसरी टूर्स सुरू केली. २०१३ मध्ये त्यांची मुलगी वीणा पाटील यांनी वेगळी होऊन वीणा वर्ल्ड काढली. तुमचे काका-काकू ‘अमेरिका दर्शन’ करून गेले असतील तर त्यांच्या अल्बमात टूर मॅनेजर नक्की सापडेल. नायगारा तर कुणालाही स्वतः बघता येतो. काकांनी जादा पैसे दिले ते मराठीत बोलणाऱ्या, रात्रीच्या जेवणात वरण-भात मिळेल हे बघणाऱ्या आणि हरवलेली बॅग शोधायला धावणाऱ्या त्या माणसाचे. आजीच्या भाषेत, सोबतीचे.

अमेरिकेतला एजंट: नक्की कुणाचा?

आता तुमच्या देशाकडे येऊ. अमेरिकेतल्या एजंटांची संघटना १९३१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या नावात ‘स्टीमशिप’ हा शब्द होता. विमानं वाढली तसा धंदा तिकडे वळला. १९७८ पर्यंत देशांतर्गत विमानभाडी सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ मंजूर करायचं. म्हणजे तिकीट कंपनीच्या काउंटरवर घ्या किंवा कोपऱ्यावरच्या एजंटकडे घ्या, भाव तोच. एजंटला कमिशन विमान कंपनी द्यायची, आणि प्रवाशाला वाटायचं की ही सेवा फुकट आहे.

फुकट नव्हतीच. कमिशन भाड्यातच होतं. आणि ‘एजंट’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं काम करणारा, हा अर्थ घेतला तर तो तुमच्या वतीनं काम करत नव्हता. त्याची नेमणूक विमान कंपन्यांनी केलेली होती.

भारतातून आलेल्यांसाठी या गोष्टीला आणखी एक पदर आहे. एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा मे १९६० मध्ये सुरू झाली. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर भारतीय डॉक्टर, इंजिनियर, विद्यार्थी मोठ्या संख्येनं येऊ लागले. तिकीट महाग; एकदा आलं की तीन-चार वर्षं घरी जाणं नाही. आंतरराष्ट्रीय भाडीही कंपन्या आपसात ठरवायच्या, त्यामुळे उघड सूट कुणी देत नसे. त्यातून दोन पळवाटा निघाल्या. एक चार्टर विमानांची: एखाद्या क्लबचे किमान सहा महिने सभासद असलेल्यांना मिळून अख्खं विमान भाड्यानं घेता यायचं. अनेक देशांतून आलेल्या लोकांच्या मंडळांनी आणि विद्यार्थी संघटनांनी तो मार्ग धरला, आणि नियम वाकवायला काही क्लब निव्वळ विमानासाठीच निघाले. दुसरी वाट घाऊक विक्रेत्यांची, म्हणजे कन्सॉलिडेटरांची. रिकाम्या राहणाऱ्या जागा कंपन्या गुपचूप त्यांना कमी भावात द्यायच्या, आणि ते त्या जागा आपापल्या समाजातल्या छोट्या एजंटांमार्फत विकायचे. न्यू जर्सीचा ओक ट्री रोड, न्यूयॉर्कमधलं जॅक्सन हाइट्स, शिकागोचा डेव्हॉन ॲव्हेन्यू: साड्यांच्या आणि किराण्याच्या दुकानांच्या वर किंवा शेजारी जी ‘ट्रॅव्हल्स’ची पाटी दिसते, तिच्यामागे हा इतिहास आहे. मावशीचा ‘नेहमीचा एजंट’ हा त्याच परंपरेतला. त्याच्याकडे भाव होता, जो तुम्हाला दुसरीकडे दिसतच नसे.

मग ती सद्दी संपली. १९७८ च्या कायद्यानं देशांतर्गत भाडी मोकळी झाली. फेब्रुवारी १९९५ मध्ये डेल्टानं देशांतर्गत जाऊन-येऊन तिकिटावर कमिशनची कमाल मर्यादा ५० डॉलर केली. इतर मोठ्या कंपन्या लगेच मागोमाग आल्या. १९९६ मध्ये ट्रॅव्हलॉसिटी आणि एक्स्पीडिया सुरू झाल्या, आणि वेळापत्रकं व भाव घरच्या कॉम्प्युटरवर आले. मार्च २००२ मध्ये डेल्टानं मूळ कमिशन पूर्ण बंद केलं, आणि काही दिवसांत बाकीच्यांनीही. गल्लीगल्लीतली एजंटांची दुकानं बंद पडू लागली.

जे टिकले त्यांनी दोन मार्ग धरले. काहींनी प्रवाशाकडून फी घ्यायला सुरुवात केली. काही क्रूझ, रिसॉर्ट, टूर कंपन्यांकडे वळले, कारण तिथं कमिशन शिल्लक होतं. २०१८ मध्ये त्यांच्या संघटनेनं नाव बदललं: ‘ट्रॅव्हल एजंट्स’ जाऊन ‘ट्रॅव्हल ॲडव्हायझर्स’ आलं. मैत्रिणीनं वापरलेला शब्द तिथून आला.

हा बदल आपल्याकडच्या बाजार समितीतल्या अडतीसारखा आहे. वर्षानुवर्षं अडत्याचं कमिशन शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलं जायचं. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी संप केला. रक्कम तीच, माणूस तोच. पण पैसे कोण देतं हे बदललं की तो कुणाचं ऐकतो तेही बदलतं. सल्लागाराबद्दल तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारायचाय.

बिघडलेला दिवस

दुसऱ्या प्रश्नाची परीक्षा २०१९ आणि २०२० मध्ये झाली. २३ सप्टेंबर २०१९ ला, १७८ वर्षांच्या परंपरेनंतर, ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली. जगभर अडकलेल्या दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवाशांना परत आणायला तिथल्या सरकारला विमानं भाड्यानं घ्यावी लागली. (भारतातली थॉमस कुक त्याआधीच वेगळ्या मालकीची झाली होती, म्हणून ती चालू राहिली.) नाव जुनं आहे म्हणजे पैसे सुरक्षित आहेत, असं नसतं. ब्रिटिश प्रवासी घरी पोचले, कारण अशा वेळेसाठी तिथं कायद्यानं केलेली तजवीज होती.

मग मार्च २०२० आला. भारतानं ओसीआय कार्डावरचा प्रवास काही काळ थांबवला, नंतर आंतरराष्ट्रीय विमानंही बंद केली. तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी तेव्हा अडकलं असेल. रद्द झालेल्या विमानांचे पैसे परत मिळायला लोकांनी महिनोनमहिने वाट पाहिली. ज्यांनी मध्यस्थ वेबसाइटवरून तिकीट घेतलं होतं त्यांना कंपनी सांगायची वेबसाइटला विचारा, वेबसाइट सांगायची कंपनीला विचारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्यानं सहा विमान कंपन्यांची प्रकरणं जाहीर केली. त्यात एअर इंडियाला १२ कोटी १५ लाख डॉलरचे परतावे द्यावे लागले आणि १४ लाख डॉलर दंड झाला. खात्याकडे आलेल्या सुमारे १,९०० तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक परताव्यांना कंपनीला शंभराहून जास्त दिवस लागले होते.

२०२४ मध्ये त्याच खात्यानं नियम केला: विमान रद्द झालं किंवा वेळ फार बदलली आणि तुम्ही पर्याय नाकारला, तर क्रेडिट कार्डावर घेतलेल्या तिकिटाचे पैसे कामकाजाच्या सात दिवसांत परत. आणि ते कुणी द्यायचे? कार्डाच्या स्टेटमेंटवर ज्याचं नाव विक्रेता म्हणून येतं, त्यानं. विमान कंपनीचं नाव असेल तर तिनं, एजंटचं असेल तर एजंटनं. ‘जबाबदारी कोणाची?’ या जुन्या प्रश्नाला आता तुमच्या स्टेटमेंटवर एक ओळ आहे.

मग ठेवावा का?

साधी सरळ फेरी असेल, एक शहर ते एक शहर, एकच कंपनी, तर सल्लागाराची गरज नाही. विमान कंपनीच्या साइटवरूनच घ्या. निघायला किमान सात दिवस असतील तर कंपनीकडून थेट घेतलेलं तिकीट चोवीस तासांच्या आत विनाशुल्क रद्द करता येतं, किंवा तेवढा वेळ ते भावासकट राखून ठेवता येतं. हा नियम विमान कंपन्यांना लागू आहे. मध्यस्थ वेबसाइटनं तो पाळलाच पाहिजे असं नाही. पन्नास डॉलरच्या फरकासाठी अनोळखी साइटकडे जाताना हे लक्षात ठेवा.

दोन वेगवेगळी तिकिटं जोडून स्वस्त प्रवास दाखवणाऱ्या साइट असतात. तिथं पहिलं विमान चुकलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, आणि नवं तिकीट तुमच्याच खर्चानं. बॅगही मध्ये उतरवून पुन्हा द्यावी लागू शकते, आणि त्यासाठी त्या देशात शिरायचा व्हिसा लागू शकतो. पासपोर्ट भारतीय असेल आणि अमेरिकन व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल, तर काही विमानतळांवर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. हे नियम बदलत राहतात, म्हणून ज्या देशातून जाताय त्याच्या सरकारी पानावर स्वतः बघा. एजंट असला तरी बघा. चुकीची माहिती त्यानं दिली तरी गेटवर अडवतात ते तुम्हाला.

सल्लागाराचे पैसे वसूल होतात ते गुंतागुंतीच्या प्रवासात. आई-बाबा पहिल्यांदाच एकटे येतायत, व्हीलचेअर हवी आहे, इंग्रजीची भीती आहे. बहिणीच्या लग्नाला तीन राज्यांतून चौदा जण जायचेत. मधुचंद्राला चार देश. क्रूझ. अशा वेळी कुठलं तिकीट घ्यावं हे तुम्ही शोधून काढाल, पण रात्री दोनला विमान रद्द झाल्यावर चौदा जणांना दुसऱ्या विमानात कोण बसवणार? तेवढ्यासाठीच फी द्यायची असेल तर ती जास्त नाही. मात्र रात्री दोनला फोन उचलला जाणार आहे का, हे आधी विचारायला हवं.

मावशीच्या एजंटलाही हेच लागू आहे. ओळख ही चांगली गोष्ट आहे. क्षेत्रोपाध्यायाच्या वहीसारखी तिची लाज त्यालाही असते. पण ओळखीमुळेच आपण विचारायला संकोचतो, पावती मागत नाही, आणि ‘झेल करा, कार्ड घेतलं तर चार्ज लागेल’ म्हटलं की झेल करतो. क्रेडिट कार्डानं भरलेल्या पैशांबाबत, सेवा मिळालीच नाही तर, १९७४ च्या कायद्यानं तुम्हाला बँकेकडे हरकत घेता येते. स्टेटमेंट आल्यापासून साधारण साठ दिवसांत, लेखी. झेलनं आपणहून पाठवलेले पैसे परत मिळणं फार अवघड. तीन टक्क्यांचा चार्ज हा त्या हक्काचा भाव समजा आणि मग ठरवा.

पहिल्या बोलण्यातच एवढं विचारून घ्या. तुमचं उत्पन्न कशातून येतं, माझ्या फीतून की हॉटेल-क्रूझच्या कमिशनमधून? दोन्ही असेल तरी हरकत नाही, पण ते लपवू नये. स्टेटमेंटवर नाव कुणाचं येईल? प्रवास रद्द झाला तर तुमची फी परत मिळते का? बिघाड झाला तर कुणाला, कुठल्या नंबरवर, किती वाजेपर्यंत फोन करायचा? विमान कंपनीचा स्वतःचा बुकिंग क्रमांक मला आजच मिळेल का? आणि कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, हवाई या राज्यांत प्रवास विकणाऱ्यांना नोंदणी लागते, तेव्हा तिथल्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारा आणि राज्याच्या साइटवर ताडून बघा. कॅलिफोर्नियात तर बुडालेल्या पैशांची भरपाई करणारा एक निधी आहे, पण तो नोंदणी असलेल्या विक्रेत्यांच्या ग्राहकांसाठी.

चांगल्या सल्लागाराला हे प्रश्न आवडतात. जो चिडतो किंवा ‘आपल्याच माणसाला काय विचारता’ म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढे जा. जो नीट उत्तरं देतो, त्याला तीच उत्तरं ईमेलवर पाठवायला सांगा, आणि मगच कार्डाचा नंबर द्या.